पाणी एकीकडे, भाजी एकीकडे: घरचं स्वस्त सूप मिळून यायला काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात दोघी मैत्रिणी खोली घेऊन राहता, एक शेगडी आणि तीन लिटरचा कुकर आहे, मिक्सर नाही. थंडीत रात्री गरम सूप हवंसं वाटतं, पण गाजर, कोबी, फरसबी, मटार, कांदा, टोमॅटो असं सगळं उकडून केलेलं सूप पाणचट लागतं. कॉर्नफ्लोर घातलं की बुळबुळीत होतं. रोज बाहेरून मागवणं परवडत नाही. आणखी कोणत्या भाज्या घातल्या तर चव येईल, सूप पिऊन रात्रीचं जेवण भागेल का, आणि पाकिटातली पूड थोडी मिसळली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

भाज्या वाढवू नका. तुमची यादी पुरेशी आहे, उलट एखादी कमी केली तरी चालेल. सूप पाणचट लागतं ते मिळून येत नाही म्हणून. वाटीत पाणी वेगळं दिसतं, भाजीचे तुकडे वेगळे, आणि चव त्या तुकड्यांतच अडकून राहते. असं होण्याची तीन कारणं असतात: पाणी जास्त पडतं, सगळ्या भाज्या एकाच वेळी थेट पाण्यात जातात, आणि दाटपणा भाजी-डाळीतून न येता शेवटी पिठाने आणला जातो. ही तीन दुरुस्त केली की साध्या दुधी-भोपळ्याचंही सूप भरदार लागतं, आणि खर्च वाढण्याऐवजी कमी होतो.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर राहतील. बोअरचं जड पाणी असेल किंवा डाळ जुनी असेल तर डाळ शिजायला एखादी शिट्टी जास्त लागते. हिवाळ्यातली लाल गाजरं गोड असतात, बारमाही मिळणारी केशरी तेवढी नसतात. टोमॅटो कधी आंबट, कधी अगदीच मचूळ निघतो. म्हणून खालची वजनं सुरुवातीला पाळा, पण शेवटचं मीठ आणि शेवटचं लिंबू जिभेवरच ठरवा.

प्रमाण

दोघींना दोन वेळा पुरेल असं, म्हणजे साधारण सव्वा ते दीड लिटर सूप धरते. सोललेल्या, चिरलेल्या भाज्या एकूण ६०० ते ६५० ग्रॅम आणि कुकरमध्ये पाणी ७०० मिली. यात चव आहे. बहुतेकजण एवढ्याच भाजीला दीड लिटर पाणी घालतात, कारण खुल्या पातेल्यात पाणी आटतं याची सवय असते. कुकर बंद असतो, त्यातून वाफ फार थोडी जाते. घातलेलं पाणी जवळजवळ तेवढंच परत मिळतं. कमी पाण्यात शिजवून नंतर उकळतं पाणी घालून पातळ करता येतं. जास्त पाण्यात शिजलेलं आटवत बसलं तर गॅस जातो आणि भाजीचा गाळ होतो.

भाज्यांचे भाग असे, तुमच्या यादीतल्या फरसबीऐवजी दाटपणासाठी लाल भोपळा आणि दुधी घेतलाय: कांदा १ मोठा (१२० ग्रॅम), लाल भोपळा २०० ग्रॅम, दुधी १०० ग्रॅम, गाजर १ (८० ग्रॅम), टोमॅटो १ मोठा (१०० ग्रॅम), आणि शेवटी घालायला बारीक चिरलेला कोबी एक मूठ, मटार असतील तर अर्धी मूठ. शिवाय पिवळी मूगडाळ ४० ग्रॅम, म्हणजे तीन सपाट टेबलस्पून. लसूण ५-६ पाकळ्या, आलं अर्धा इंच. तेल एक चहाचा चमचा, तूप किंवा लोणी एक चहाचा चमचा. मीठ एकूण दीड सपाट चहाचा चमचा, तेही तीन हप्त्यांत. मिरी अर्धा चमचा, जाडसर कुटलेली. अर्धं लिंबू.

वजनकाटा नसेल तर भाजीवाल्याकडून पाव किलो भोपळ्याची फोड घ्या. साल आणि मधला बियांचा भाग काढून जे उरतं ते दोनशेच्या आसपास भरतं.

कांद्याला वेळ द्या

सगळ्या कृतीत एकच पायरी घाईत करायची नाही, ती ही. कुकरमध्ये तेल आणि तूप गरम करा, आच अगदी मंद करा, बारीक चिरलेला कांदा घाला आणि लगेच अर्धा चमचा मीठ. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्यातच तो शिजतो आणि तळाला लागत नाही. वर साधं झाकण किंवा ताटली ठेवा, कुकरचं झाकण लावू नका. आठ ते दहा मिनिटं. मध्ये दोनदा हलवायचं. कांदा पारदर्शक, लिबलिबीत झाला पाहिजे, बोटांत दाबला तर विरघळल्यासारखा. उग्र वास जाऊन गोडसर वास येऊ लागला की झालं.

कांदा लाल करू नका. लाल कांद्याची चव उत्तम असते, पण तिने सूप रश्श्याच्या वळणावर जातं आणि मग गरम मसाला हवासा वाटायला लागतो. इथे कांदा सुपात नाहीसा व्हायला हवा.

तेलाला घाबरू नका. दोन चमचे स्निग्धता चार मोठ्या वाट्यांत विभागली जाते. कांदा, लसूण, गाजर यांचे बरेचसे स्वाद आणि रंग तेलात उतरतात आणि तिथून सगळ्या सुपात पसरतात. नुसत्या पाण्यात उकडलेल्या भाजीत हेच होत नाही.

कांदा झाला की ठेचलेलं आलं-लसूण घाला, अर्धा-एक मिनिट परता. लसूण तपकिरी होऊ द्यायचा नाही, करपलेल्या लसणाचा कडवटपणा नंतर कशानेच जात नाही. मग बारीक चिरलेला टोमॅटो बियांसकट घाला. बियांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाकू नका, टोमॅटोची रुचकर चव त्यातच जास्त असते. मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परतून त्याचा लगदा होऊ द्या, कडेला तेलाचे थेंब दिसले पाहिजेत. कच्चा टोमॅटो पाण्यात उकडला की नुसता आंबूस लागतो, परतला की आमटीला येतो तसा भरीव गोडवा येतो.

आता भोपळा, दुधी, गाजर यांच्या फोडी, धुतलेली डाळ आणि दुसरा अर्धा चमचा मीठ. भोपळा-दुधीच्या फोडी एक इंचाच्या चालतील, गाजर मात्र त्याच्या निम्म्या आकाराचं चिरा, ते हट्टी असतं. सगळं दोन-तीन मिनिटं हलवा म्हणजे फोडींना तेल-मीठ लागेल. मग पाणी ७०० मिली. शक्य असेल तर आधीच गरम केलेलं. एकच शेगडी असल्याने गार घातलंत तरी बिघडत नाही, फक्त वेळ वाढेल.

झाकण लावण्याआधी उलथन्याने तळ खरवडून घ्या. परतताना चिकटलेला टोमॅटो तसाच राहिला तर डाळ त्याच्यावर बसते आणि पहिल्या शिट्टीआधीच लागते. कुकरमध्ये डाळ असताना तो निम्म्याच्या वर भरू नये, फेस शिट्टीच्या नळीत जातो. वरचं प्रमाण तीन लिटरच्या कुकरला निम्म्याच्या आतच राहतं. दुप्पट करायचा मोह झाला तर दोन वेळा लावा.

मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर डाळीचं पाणी उसळून बाहेर येतं, शिवाय त्या दहा मिनिटांत डाळ आतल्या उष्णतेवर शिजत असते, ते काम अर्धवट राहतं.

मिक्सर नसला तरी

कुकर उघडल्यावर भोपळा आणि दुधी फुटायला आलेले असतात. लाकडी रवी असेल तर ती उत्तम, पावभाजीचं मॅशर असेल तर तेही चालेल, काहीच नसेल तर पळीची पाठ. अर्धं-निम्मंच घुसळा. भोपळा आणि डाळ विरघळून पाण्याला दाटपणा येतो आणि गाजराचे थोडे तुकडे दाताखाली राहतात. गुळगुळीत सूपच हवं असेल तर मोठ्या भोकांच्या चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढा.

पुढेमागे मिक्सर घेतलात तर एवढं लक्षात ठेवा: उकळतं सूप भांड्यात भरून झाकण लावून फिरवायचं नाही. आत वाफ एकदम वाढते, झाकण उडतं आणि सूप अंगावर येतं. भाजी झाऱ्याने वेगळी काढून, कोमट करून, भांडं निम्मं भरून वाटा आणि वरचं पाणी नंतर मिसळा. बटाटा घातला असेल तर तो मिक्सरमध्ये नकोच. जोरात फिरवल्यावर त्यातला स्टार्च सुटतो आणि सगळं चिकट होतं. बटाटा नेहमी हाताने कुस्करायचा.

मग येणाऱ्या गोष्टी

सूप पुन्हा गॅसवर ठेवा, दीडशे-दोनशे मिली उकळतं पाणी घालून हवं तसं सैल करा. उकळी आल्यावर कोबी आणि मटार घालून झाकण न ठेवता पाच मिनिटं. कोबी कुकरमध्ये घातला तर सुपाला कोंदट वास येतो. कोबी, फ्लॉवर यांत गंधकयुक्त द्रव्यं असतात, जास्त शिजवलं की ती सुटतात आणि बंद झाकणाखाली सुपातच राहतात. पाच मिनिटं उघड्यावर शिजला की कोबी गोड आणि किंचित कुरकुरीत राहतो. मटार, फरसबी, पालक यांनाही हाच नियम. हिरव्या भाज्या आंबट पाण्यात फार वेळ शिजल्या की त्यांचा रंग शेवाळी होतो, म्हणून त्या उशिरा आणि लिंबू त्याहून उशिरा. फरसबी अगदी बारीक चिरा, नाहीतर पाच मिनिटांत होत नाही.

मिरी गॅस बंद करण्याच्या मिनिटभर आधी. आधीपासून उकळलेल्या मिरीचा सुवास उडून जातो, तिखट चरका तेवढा उरतो. गॅस बंद केल्यावर लिंबू. आधी चमचाभर रस, ढवळा, चाखा. मीठ बरोबर असूनही सूप बेचव वाटत असेल तर नव्वद टक्के वेळा आंबटपणाच कमी असतो, आणि लोक त्यावर मीठ वाढवत बसतात. उरलेला अर्धा चमचा मीठ याच टप्प्याला, थोडं थोडं चाखत. शेवटी कोथिंबीर.

फोडणी हवी असेल तर एक चमचा तुपात अर्धा चमचा जिरं आणि चिमूटभर हिंग तडतडवून वरून ओता. मग मिरी निम्मी करा. दोन्ही भरपूर घातलं की भोपळ्याची मंद चव पार झाकली जाते. मला स्वतःला नुसती मिरी-लिंबवाली पद्धत रोजच्यासाठी जास्त आवडते, फोडणीचं सूप भातावर घ्यायला चांगलं.

कॉर्नफ्लोर का नको

कॉर्नफ्लोर वाईट नाही. हॉटेलातल्या चिनी पद्धतीच्या सुपाला तो हवाच, तिथे पाणी पारदर्शक राहून दाट व्हायला हवं असतं. पण त्याला स्वतःची चव नाही. अळणी पाणी दाट केलं तर दाट अळणी पाणी मिळतं, आणि प्रमाण वाढलं की ते खळीसारखं जिभेवर बसतं. लिटरला एक सपाट टेबलस्पून, गार पाण्यात कालवून, उकळत्या सुपात ढवळत ओतायचं आणि दोन मिनिटांत बंद करायचं. खूप वेळ उकळलं किंवा आंबट जास्त असलं की तो दाटपणा मोडतो, म्हणून दुसऱ्या दिवशी गरम केलेलं सूप पुन्हा पातळ झालेलं दिसतं.

मूगडाळ दाटही करते, चवही देते. मूग संपला असेल तर मसूरडाळ तेवढीच घ्या, ती तितक्याच वेळात शिजते. तूरडाळ चालेल, पण तिला जास्त वेळ लागतो आणि सूप वरणासारखं लागतं. डाळ नकोच असेल तर एक टेबलस्पून तांदूळ भाज्यांबरोबर कुकरला लावा, तो शिजून विरघळतो. ज्वारीचं पीठ माझ्या फार आवडीचं: एक टेबलस्पून पीठ अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचं, उकळत्या सुपात घालून सहा-सात मिनिटं ढवळत शिजवायचं. कमी शिजलं तर कच्च्या पिठाचा वास राहतो. याने आलेला दाटपणा मऊ असतो आणि पोटालाही आधार देतो.

सालं आणि देठ

हिवाळ्यात मटार सोलता तेव्हा शेंगांची टरफलं टाकू नका. स्वच्छ धुतलेली टरफलं, कोथिंबिरीचे देठ, गाजराची टोकं, पातीच्या कांद्याची जून पात असं दोन-तीन मुठी जमवा, लिटरभर पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळा आणि गाळून घ्या. साध्या पाण्याऐवजी हे घातलं की एक रुपया न वाढता चव जड होते. पाऊण तासापेक्षा जास्त उकळून काही मिळत नाही, उलट कडसर होतं. टरफलं सुपातच वाटायचा प्रयत्न करू नका, त्यांचा आतला पडदा चिवट असतो, गाळावंच लागतं.

यात काय घालायचं नाही: मेथीचे आणि मुळ्याचे देठ (कडू, उग्र), बीटची सालं (रंग आणि मातीचा वास), हिरवट झालेल्या बटाट्याची सालं (ती कशातच नकोत), आणि फ्लॉवरचा पाला जास्त. सेलरी लागते असं बऱ्याच पाककृतींत असतं. ती विकत आणण्याची गरज नाही, कोथिंबिरीच्या देठांनी काम भागतं.

छोले किंवा हरभरे उकडले असतील तर त्यांचं शिजवलेलं पाणी सुपासाठी फार चांगलं. भिजवलेलं पाणी नव्हे, ते फेकायचं. पुरणाचा कट उरला तर आपण आमटी करतो, तोच न्याय इथेही. असं पाणी वापरलंत की डाळ निम्मी करा आणि मीठ आधी चाखून घाला, कारण उकडताना त्यात मीठ पडलेलं असतं.

कोणती भाजी कधी

डिसेंबर ते फेब्रुवारी मटार, गाजर, फ्लॉवर, पालक स्वस्त असतात, तेव्हा तुमची मूळ यादी योग्य. पावसाळ्यात पालेभाजी महाग, चिखलाने भरलेली आणि लवकर सडणारी, तेव्हा दुधी, लाल भोपळा, दोडका, पडवळ यांच्याकडे वळा. लाल भोपळा मी बारा महिने धरते, कारण सुपाला अंग देणारी इतकी स्वस्त दुसरी भाजी नाही आणि तो फोडीने मिळतो, अख्खा घ्यावा लागत नाही. ब्रोकोली, बेबीकॉर्न, मशरूम चांगली आहेत, पण स्वस्त सुपाच्या हिशेबात बसत नाहीत. कापून ठेवलेलं ‘सूपचं पाकीट’ही घेऊ नका, पैसे चिरण्याचे जातात आणि चिरलेली भाजी लवकर शिळी होते.

संध्याकाळी मंडई उठताना मऊ पडलेले टोमॅटो आणि थोडी सुरकुतलेली गाजरं कमी भावात मिळतात. सुपाला ती चालतात. बुरशी आलेलं, चिरलं की आत काळं निघालेलं, किंवा आंबूस वास मारणारं मात्र स्वस्त मिळालं तरी नको.

दुधीबद्दल एक गोष्ट कायम पाळा. चिरल्यावर कच्च्या दुधीचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीतली द्रव्यं विषारी असतात, शिजवल्याने जात नाहीत, आणि त्याने जोराच्या उलट्या-जुलाब होऊन माणूस दवाखान्यात पोचू शकतो. दोडका, पडवळ, काकडी यांनाही तीच परीक्षा लावा.

बिघडलं तर

गोड गोड लागतंय: गाजर, भोपळा आणि कांदा तिन्ही गोड, त्यात लाल गाजरं असली की असं होतं. लिंबू आणि मिरी वाढवा, पुढच्या वेळी गाजराऐवजी दुधी वाढवा.

खारट झालं: बटाटा टाकला की तो मीठ ओढून घेतो असं सांगतात. तो खारट पाणी शोषतो, उरलेलं पाणी तितकंच खारट राहतं. मीठ न घातलेली थोडी शिजवलेली डाळ आणि गरम पाणी मिसळा, मीठ पसरतं आणि दाटपणाही टिकतो.

तळाला लागलं: हलवू नका. वरचं सूप अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि तळ तिथेच सोडा. खरवडलंत की करपलेला वास सगळ्यात मिसळतो.

दूध घातलं आणि फुटलं: टोमॅटो-लिंबाच्या आंबटामुळे फुटतं. दूध घालायचंच असेल तर त्या दिवशी टोमॅटो निम्मा, लिंबू नाही, आणि गरम दूध गॅस बंद केल्यावर. नुसत्या भोपळ्याच्या सुपात अर्धी वाटी दूध फार छान लागतं.

कुकर नसून पातेल्यात करताय आणि डाळ-बटाटा दडदडीत राहतात: टोमॅटो आधी पडला म्हणून. आंबटात भाजी आणि डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. पातेल्यात करताना टोमॅटो वेगळा परतून ठेवा आणि डाळ मऊ झाल्यावर मिसळा. कुकरच्या दाबाखाली हा फरक फारसा जाणवत नाही.

जेवण होईल का

फक्त हे सूप पिऊन रात्र निघणार नाही. ४० ग्रॅम मूगडाळीत साडेनऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, ती चार वाट्यांत विभागली तर वाटीला अडीच ग्रॅमही येत नाहीत. अकरा वाजता भूक लागते आणि मग बिस्किटांचा पुडा फुटतो, वाचवलेले पैसे तिथे जातात. सुपाचं जेवण करायचं असेल तर डाळ ८० ग्रॅम घ्या, मीठ पाव चमचा वाढवा आणि पाणी २०० मिली, पण हे वाढीव पाणी कुकर उघडल्यावर घाला, म्हणजे कुकर निम्म्याच्या वर भरणार नाही. बरोबर भाकरी, पाव किंवा वाटीभर भात. उकडलेलं अंडं किंवा मूठभर पनीर वरून घातलं तर आणखी बरं. अंडं खात असाल तर फेटून उकळत्या सुपात बारीक धारेने सोडा, अर्ध्या मिनिटात त्याचे तंतू होतात.

आजाऱ्यासाठी करताना यातला कोबी वगळा, तिखट आणि फोडणी टाळा, पूर्ण घुसळून मऊ करा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना मीठ आणि डाळ किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या.

उरलेलं

दुसऱ्या दिवशीचा भाग कोबी, लिंबू आणि कोथिंबीर घालायच्या आधीच बाजूला काढा. परातीत गार पाणी घेऊन त्यात सुपाचं पातेलं ठेवा आणि दहा मिनिटं अधूनमधून ढवळा, मग फ्रीजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते आत गेलं पाहिजे. दोन दिवस चांगलं राहतं. फ्रीजमध्ये ते घट्ट होतं, तेव्हा गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला, खदखदून उकळी आणा, आणि मग ताजा कोबी व लिंबू. तुमच्याकडे फ्रीज आहे की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर निम्म्या प्रमाणातच करा. पाणी मात्र ३५० ऐवजी ४०० मिली ठेवा, थोड्या सुपात तळाला लागण्याचा धोका जास्त. डाळीचं सूप रात्रभर ओट्यावर राहिलं की सकाळी आंबलेलं असू शकतं, वास येत नसला तरी ते पिऊ नका.

पाकिटातली पूड मिसळण्याबद्दल: अधूनमधून एखादा चमचा घातला तर काही बिघडत नाही. पण तिच्यात मीठ आणि बहुतेकदा कॉर्नफ्लोर असतोच, साखरही असते. ती घालणार असाल तर आपलं मीठ निम्म्यावर आणा, पूड गार पाण्यात कालवून घ्या आणि शेवटची पाच मिनिटं उरली की घाला. आधी एकदा पुडीशिवाय करून पाहा, कांद्याला पूर्ण दहा मिनिटं देऊन. तरीही पूड हवीशी वाटली तर किती शिट्ट्या झाल्या, पाणी किती पडलं आणि कांदा कसा दिसत होता ते लिहून कळवा, त्यावरून कुठे उणं पडलं ते सांगता येईल.